बारा गळ्यांची भिंत

परवा एका नव्या संगीत नाटकाला गेलो होतो. रंगमंचावर दहा-पंधरा तरुण पोरं उभी, ओठ हलताहेत आणि आवाज येतोय तो आधी मुद्रित केलेल्या ट्रॅकवरून. संताप झाला. ज्या पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं, त्या पुण्यात हे!

साठच्या दशकातल्या कोरसबद्दल बोलण्यात अर्थ नाही. नायकाच्या ओळीची री ओढायची, एवढंच त्याचं काम. १६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम’चा पहिला प्रयोग झाला आणि समूहच नाटकाचा प्राण झाला. बारा ब्राह्मणांची रांग, कधी समोर तोंड करून, कधी पाठ फिरवून, डोलत गाणारी. त्यांना चाल दिली कृष्णदेव मुळगुंदांनी, सूर भास्कर चंदावरकरांनी. रविशंकरांच्या या शिष्याने कीर्तन, अभंग आणि लावणी एकमेकांना अशी भिडवली, की भक्तीतून वासना कधी डोकावली ते कळायच्या आत अंगावर काटा यायचा.

त्या चमूत रवींद्र साठ्यांचा घुमारदार आवाज होता, चंद्रकांत काळ्यांचा धारदार. एकाने दुसऱ्याला झाकलं नाही. १९६९मध्ये क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश हे तीन वेगळ्या बँडमधले गायक पहिल्या तबकडीसाठी एकत्र आले, तेव्हा त्यांनी स्वरांचे थर रचले. आपल्याकडे तसे थर नव्हते. पण शेजारच्याचा श्वास ऐकून आपला सूर लावायचा, ही जादू तीच.

नाटकात नाना फडणवीसांची बदनामी झाली म्हणून गावभर ओरडणाऱ्यांनी हे ऐकलंच नाही. १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच नाटक थांबवलं. कलाकार बाहेर पडले, १९७३मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. पुढे आनंद मोडकांच्या संगीतातलं ‘महानिर्वाण’ आलं, १९७८मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’. १९८०मध्ये ‘घाशीराम’ युरोपात गेलं. त्या आठ वर्षांत पुण्याचे नट गात होते आणि गाताना एकमेकांकडे कान देत होते. नंतरच्या वर्षांत मला तसं फार थोडं ऐकायला मिळालं.

चंदावरकर २००९मध्ये गेले, मोडक २०१४मध्ये. आजच्या दिग्दर्शकांना कळकळीने सांगतो: ट्रॅक बंद करा, तालमीत पोरांना रोज एकत्र गायला बसवा. सुरुवातीला बेसूर झाली तरी चालेल, आम्ही तिकीट काढून येऊ.