चिंचवडचे बॉयलर, पालिकेचे वर्ग

उसाचं चिपाड जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवून वीज काढायची आणि उरलेल्या वाफेवर रस आटवायचा, ही सहवीजनिर्मिती आपल्या साखर कारखान्यांना आता सवयीची झाली आहे. त्यासाठी लागणारे बॉयलर बनवणाऱ्यांत पुण्याच्या थरमॅक्सचं नाव मोठं. चिमणीवाटे फुकट जाणारी उष्णता पकडून तिच्यावर पाणी थंड करणारी यंत्रंही चिंचवडची ही कंपनी बनवते. १९९६ मध्ये तिच्या अध्यक्षपदी बसलेल्या अनु आगा मात्र अभियंता नव्हत्या. सेंट झेवियर्समध्ये अर्थशास्त्र शिकल्यावर त्यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेत वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्याचं शिक्षण घेतलं होतं. पुढची सगळी हकिगत मला त्या शिक्षणातूनच उलगडत जाते.

वडील ए. एस. भाथेना यांनी १९६६ मध्ये वॅन्सन इंडिया या नावाने कंपनी काढली. १९८० मध्ये ती थरमॅक्स झाली. पती रोहिंटन आगा यांनी ती वाढवली. १९८२ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. १९८५ पासून अनु आगा मनुष्यबळ विभागात काम करू लागल्या, १९९१ मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. १९९६ मध्ये रोहिंटन गेले. पुढच्याच वर्षी पंचविशीतला मुलगा कुरुश मोटार अपघातात गेला. या काळात विपश्यनेने आपल्याला सावरल्याचं त्या मोकळेपणाने सांगत आल्या आहेत.

दरम्यान कंपनीही उतरणीला लागली. एकेकाळी चारशे रुपयांच्या घरात असलेला शेअर ३६ रुपयांपर्यंत घसरला. एका भागधारकाने निनावी पत्र लिहून, तुम्ही आमची निराशा केलीत, असं सुनावलं. निनावी पत्र केराच्या टोपलीत टाकणं सोपं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं. बाहेरचे सल्लागार नेमले, संचालक मंडळाची फेररचना केली, ऊर्जा आणि पर्यावरणाशी संबंध नसलेले धंदे काढून टाकले. कंपनी सावरली. २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद मुलगी मेहेर पदमजी यांच्याकडे सोपवलं.

त्यांच्या कामाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग शाळांचा आहे. शाहीन मिस्त्री यांनी १९९१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘आकांक्षा’शी त्या जोडल्या गेल्या. वस्तीतल्या मुलांना शाळेनंतर दोन-अडीच तास शिकवणं हे या संस्थेचं सुरुवातीचं काम. पण मूल दिवसाचा मोठा वेळ ज्या शाळेत काढतं तिथेच शिकणं होत नसेल, तर ही शिकवणी कुठवर पुरणार? म्हणून आकांक्षाने महापालिकेच्या इमारतींमध्ये पूर्ण वेळाच्या शाळा चालवायला घेतल्या. पुण्यात थरमॅक्स या कामाच्या पाठीशी उभी राहिली. इमारत पालिकेची, मुख्याध्यापक आणि शिक्षक संस्थेचे, पालकांना फी नाही. दान देणारे उद्योजक आपल्याकडे पुष्कळ आहेत. पालिकेच्या शाळेतलं मूल काय शिकलं, हा प्रश्न ताळेबंदाइतक्याच गांभीर्याने घेणारे मात्र फार थोडे.

‘टीच फॉर इंडिया’चं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. २००९ पासून या उपक्रमात पदवीधर आणि नोकरी करणारे तरुण दोन वर्षं गरीब वस्तीतल्या मुलांच्या शाळेत पूर्ण वेळ शिकवतात. सुरुवात मुंबई-पुण्यातून झाली. यात दोन वेगळ्या थरांतली माणसं एका वर्गात येतात, आणि शिकवायला आलेल्यांचंही शिक्षण होतं. २०१० मध्ये अनु आगांना पद्मश्री मिळाली, तीही समाजकार्यासाठी. २०१२ ते २०१८ त्या राज्यसभेच्या राष्ट्रपतीनियुक्त सदस्य होत्या.

पालिकेच्या शाळांत संस्थांना आणण्याच्या या मार्गावर शिक्षक संघटनांचा आक्षेप असतो. पालिकेची जबाबदारी संस्थांवर ढकलली, तर सरकार हळूहळू अंग काढून घेईल, असं त्यांचं म्हणणं. ही भीती खरी आहे. दोन वर्षांसाठी आलेला उत्साही तरुण तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेची जागा घेऊ शकत नाही. शिवाय अशा बहुतेक शाळा इंग्रजी माध्यमाच्या. आईबापांना तेच हवं असतं आणि त्यांना दोष देता येत नाही. पण या शाळांत वर्गनिहाय पाहणी, शिक्षकांचं सततचं प्रशिक्षण आणि पालकांशी नेमाने बोलणं या गोष्टी रुजल्या आहेत. मराठी शाळेत त्या आणायला कुठला कायदा आडवा येत नाही. पालिकेच्या शिक्षण विभागाने त्या आपल्या मराठी वर्गांसाठी मागून घ्यायला हव्या होत्या, आणि अजूनही घेता येतील.