आडोशाचे ओझे भिंतीला पेलेल का?

टेकडीच्या उतारावर बांधलेल्या बंगल्यांना सपाट बाग मिळते ती एका भिंतीच्या आधारावर. उताराच्या वरच्या बाजूची माती काढून खालच्या बाजूला भरायची आणि तो भराव घसरू नये म्हणून कडेला चार-पाच फुटांची दगडी भिंत उभारायची, ही रीत पुण्याच्या टेकड्यांलगतच्या वसाहतींत जुनी आहे. भिंत उभी राहते, बाग फुलते आणि पुढची तीस-चाळीस वर्षे त्या भिंतीकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग खालच्या भूखंडावरचे बैठे घर पडते, तेथे मजले चढू लागतात आणि नव्या खिडक्या थेट बागेत उघडतात. आडोसा हवा, असे घरात ठरते. गवंडी येतो, भिंतीवर लोखंडी खांब रोवून पत्रे ठोकण्याचा सल्ला देतो आणि दोन दिवसांत काम उरकते. या दोन दिवसांच्या कामात भिंतीवर नेमके काय लादले गेले, याचा हिशेब मात्र क्वचितच होतो.

मुळात गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. कुंपणाची भिंत आणि माती अडवून धरणारी धारक भिंत या दोहोंना बोलण्यात आणि बातम्यांतही सरसकट ‘संरक्षक भिंत’ म्हटले जाते. दोहोंचे काम अगदी निराळे आहे. कुंपणाची भिंत स्वतःचे वजन पेलते आणि वारा सोसते. धारक भिंत रात्रंदिवस मातीचा रेटा परतवीत असते. दीड मीटर उंचीच्या भिंतीमागे चांगला निचरा होणारा मुरूम असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ७०० किलो रेटा येतो. उंची दुप्पट केली की रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो आणि भिंत उलथवू पाहणारा जोर तर आठपट.

हा झाला कोरड्या दिवसांचा हिशेब. पावसाळ्यात निचरा तुंबून भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला, की मातीचा रेटा थोडा घटतो. पण पाण्याचा स्वतःचा दाब त्यात मिळतो आणि एकूण जोर दुपटीवर जातो. धारक भिंती ऐन पावसाळ्यात कोसळतात त्यामागचे मोठे कारण हेच. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्यात गृहसंकुलाची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून तीसहून अधिक जणांचा बळी गेला. बागेची भिंत या भिंतींहून लहान असते, हे खरे. परंतु तिच्या पायथ्याशी कोणाचे तरी अंगण, कोणाची तरी मोरी असतेच.

जुन्या भिंती इतकी वर्षे टिकल्या कशा, याचे उत्तर त्यांच्या फटींत आहे. चुना-सिमेंटविना रचलेल्या डबराच्या भिंतीतून पाणी वाट काढून निघून जाते. कोकणातील गडगे याच गुणावर पावसाळ्यामागून पावसाळे काढतात. अशा भिंतीत पुढे कोणीतरी सिमेंटच्या दर्जा भरतो, वरून गिलावा करून रंगही देतो. भिंत देखणी होते आणि तिचा श्वास कोंडतो. पक्क्या भिंतीत निचऱ्यासाठी ठेवलेल्या भोकांचीही तीच गत. उंदीर शिरतात, साप दिसतो, रंगावर ओघळ उमटतात, अशा कारणांनी ती बुजवली जातात. जुलैतल्या झडीत जमीन चिंब असताना भोके कोरडी ठणठणीत दिसली, तर ते समाधानाचे लक्षण नव्हे. पाणी मागे अडले असण्याची शक्यता अधिक. भिंतीच्या मध्याला आलेला फुगवटा, आडवी भेग, माथा पुढे झुकणे ही पुढची पायरी होय. फुगलेली भिंत बाहेरून गिलावा करून दुरुस्त होत नाही. ती उतरवूनच नव्याने बांधावी लागते.

अशा भिंतीवर आडोसा चढवला तर काय होते? राष्ट्रीय मानकानुसार पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबईसाठी ४४ मीटर धरला जातो. पुण्याच्या वेगाला सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो दाब येतो. सहा फुटी बंद पत्र्यावर तो दर मीटर लांबीला १६५ किलोंच्या घरात जातो. मातीच्या ७०० किलोंपुढे हा आकडा किरकोळ भासेल. पण मातीचा रेटा पायापासून अवघ्या अर्ध्या मीटरवर लागतो, तर पत्र्यावरचा वारा जवळजवळ अडीच मीटर उंचीवरून भिंत ढकलतो. लांब दांड्याची पहार थोड्या जोरात मोठा दगड हलवते, तसाच हा प्रकार. वारा उताराच्या दिशेने वाहत असेल, तर भिंत उलथवण्यात त्याचा वाटा मातीइतकाच, किंबहुना थोडा अधिकच ठरतो. जमिनीलगत, दाट वस्तीत वारा काहीसा मंदावतो आणि आकडा कमी होतो. तरीही मूळ भिंत बांधणाऱ्याने हा भार गृहीत धरलेला नसतो. हिरवी जाळी हलकी असते म्हणून तीच लावावी, हा समजही अपुरा आहे. प्रश्न वजनाचा नसून वारा अडण्याचा आहे. घट्ट विणीची जाळीही शिडासारखी फुगते.

म्हणूनच भिंत बदलायची आणि आडोसाही करायचा असेल, तर दोन्ही कामांचा विचार एकत्र व्हायला हवा. एक मार्ग असा, की नवी भिंत सळयांच्या काँक्रीटची, एल आकाराची करावी आणि खांबांचा भार संरचना अभियंत्याने आधीच हिशेबात घ्यावा. अशा भिंतीचा तळ भरावाखाली आत पसरलेला असतो आणि त्यावरच्या मातीचे वजनच भिंतीला दाबून धरते. दुसरा मार्ग अधिक सोपा आहे. दीड मीटर भिंतीमागची साधारण तीन फुटांची पट्टी हीच तिच्यावर रेलणारी माती असते. आडोशाचे खांब या पट्टीच्या मागे, स्वतंत्र पायावर उभारले, की वाऱ्याचा भार भिंतीकडे फारसा जात नाही. तीन फूट बाग गेल्याची हळहळ वाटेल. पण तीच जागा फुलझाडांच्या वाफ्याला उपयोगी पडते. वड-पिंपळ वर्गातील झाडे मात्र तेथे नकोतच.

पाडकाम दिवाळीनंतर हाती घ्यावे आणि मे महिन्यापूर्वी संपवावे. आधी मागचा भराव उतरता करून भार कमी करायचा, मग भिंत वरून खाली, मीटर-दीड मीटरच्या टप्प्यांत उतरवायची. पायथ्याशी खणून सगळी भिंत एकदम आडवी करण्याची घाई जीवघेणी ठरू शकते. नव्या भिंतीमागे काळी माती पुन्हा भरू नये. ती पाण्याने फुगते. तेथे खडीचा थर, त्यामागे माती अडवणारे गाळणी कापड, मग मुरूम आणि दर दीड-दोन मीटरवर निचऱ्याचा पाइप, एवढे हवेच. भिंतीलगतचे झाड तोडावे लागणार असेल, तर १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते.

शेजाऱ्याशी बोलणेही आधीच झालेले बरे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क मालकाला आहे. मात्र तो जमिनीच्या मूळ स्थितीपुरता. वरच्या मालकाने भराव टाकून बाग उंच केली असेल, तर त्या वाढीव बोजासाठी हा नैसर्गिक हक्क सांगता येत नाही. उंचीचेही बंधन आहे. मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेल्या २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत कुंपणाची भिंत पुढच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर उंच असू शकते, वरचा ०.९ मीटर भाग खुल्या जाळीचा ठेवल्यास २.४ मीटरपर्यंत जाता येते. सहा फुटी बंद पत्रा ठोकण्यापूर्वी महापालिकेच्या बांधकाम विभागात विचारून घेणे शहाणपणाचे.

शिवाय पाचव्या मजल्यावरची खिडकी सहा फुटांच्या पत्र्याने झाकली जात नाही. तिच्यासाठी बसण्याच्या जागेवर वेलीचा मांडव घालणे अधिक परिणामकारक. तळमजल्यापुरता आडोसा हवा असेल, तर कोयनेल किंवा मेंदीची दाट लावण वारा गाळून पुढे सोडते आणि छाटणीने हव्या त्या उंचीवर राखता येते. ती दाट होईपर्यंतची दोन-तीन वर्षे बांबूच्या विरळ तट्ट्यांवर निभावतात. बांबू बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवलेला असेल, तर त्याला भुंगा सहसा लागत नाही. मात्र हे क्षार पावसाने धुपतात, त्यामुळे तट्ट्या जमिनीपासून थोड्या वर बांधाव्यात.