कापलं कुणी? 'शोले'च्या चौकटीची गोष्ट

गेल्या सेमिस्टरला हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये दोन प्लेट मिसळीची पैज लागली. एका लॅपटॉपवर चौकोनी 'शोले', जुन्या टीव्हीसारखा. दुसऱ्यावर तोच 'शोले' लांबुळका, वर-खाली काळ्या पट्ट्या. एकच सीन दोन्हीकडे पॉज केला. चौकोनीत डोक्यावर भरपूर आकाश, पायाखाली जमीन. लांबुळक्यात दोन्ही कमी! मी छातीठोकपणे म्हणालो, "चौकोनी ओरिजिनल. जास्त दिसतंय ना? म्हणजे दुसऱ्यात कापलंय." पैज मी जिंकलो, मिसळही खाल्ली. नंतर थोडं वाचलं, तेव्हा ती पचायला जड गेली. (कॉन्व्हेंटवाला आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

झालं होतं असं. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेला 'शोले' ७० एमएममध्ये दाखवला गेला, पण ७० एमएमचे कॅमेरे फार महाग. म्हणून द्वारका दिवेचांनी शूटिंग साध्या ३५ एमएम फिल्मवर केलं. या फिल्मवरची फ्रेम जवळजवळ चौकोनी, ४:३. ७० एमएमचा पडदा मात्र २.२:१, म्हणजे उंचीच्या सव्वादोनपट रुंद. चौकोनातून एवढी आडवी पट्टी काढायची तर वर-खाली छाटणं आलंच. गणित सोपं आहे: १.३३ भागिले २.२ म्हणजे ०.६०. उंचीचा जवळजवळ ४० टक्के भाग बाद! उरलेली पट्टी मोठी करून ७० एमएम प्रिंट काढल्या. सगळ्या थिएटरांत ते मशीन नव्हतं, त्यामुळे ३५ एमएम प्रिंटही फिरल्या.

म्हणजे कापलं हे खरंच, पण कापायचं हे आधीच ठरलं होतं. अशा शूटिंगमध्ये कॅमेरामनला पट्टीच्या आत काय राहणार याचं भान ठेवूनच चित्र जुळवावं लागतं. वरचं आकाश फिल्मवर आलं, कारण फिल्म तिथे होती. ड्रॉइंग शीटवर बॉर्डरच्या बाहेर पेन्सिलचे डाग राहतात, त्यांना कुणी मार्क देतं का?

सिनेमास्कोपमध्ये सगळं उलट. भारतातला पहिला स्कोप सिनेमा म्हणजे गुरुदत्तचा 'कागज के फूल' (१९५९), कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. तिथे खास लेन्स रुंद दृश्य आडवं आवळून फिल्मवर बसवते आणि प्रोजेक्टरची लेन्स ते पुन्हा पसरवते. २.३५:१ चं असं चित्र जुन्या टीव्हीवर पूर्ण पडदाभर दाखवायचं तर बाजूचा ४३ टक्के भाग जातो. दोन टोकांना दोघं बोलत असले तर एकाचं नुसतं नाक दिसणार! म्हणजे व्हिडिओची चौकोनी कॉपी कधी थिएटरपेक्षा जास्त दाखवते, कधी कमी. शूटिंग कसं झालं हे कळल्याशिवाय बोलू नये. मी बोललो.

आता आपल्या वाइड टीव्हीचं. हा १६:९. चौकोनी कॉपीला झूम मारलं की उंचीचा पाव भाग उडतो, २.२ च्या कॉपीला मारलं की रुंदीचा सुमारे १९ टक्के. पडदा छान भरतो, पण ही चौकट ना दिग्दर्शकाची, ना फिल्मची, ती रिमोटवाल्याची! आणि स्ट्रेच केलं की अमिताभ बुटका-जाडा होतो, ते तर बघवत नाही.

२०२५ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने 'शोले'चं रिस्टोरेशन केलं. मूळ निगेटिव्ह फार खराब झाली होती, परदेशात सापडलेल्या फिल्मचा उपयोग झाला. त्या जूनमध्ये ते इटलीतल्या बोलोन्याला दाखवलं, तेही २.२:१ मध्येच.

आमच्या आजोबांनी 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हात ७० एमएमवर पाहिलाय. मी सुट्टीत त्यांना चौकोनी कॉपी लावून दिली, तर दहा मिनिटांत म्हणाले, "हा तो नाही रे." आम्ही सगळे हसलो. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणालो. हे सगळं वाचल्यावर फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "मग मी काय सांगत होतो?" आणि ठेवून दिला.

पैज हरलेल्या पार्टीने कृपया हा लेख वाचू नये. मेसचं बिल भरल्यावर माझ्याकडे दोन प्लेट मिसळीचे पैसे उरलेले नाहीत.