मोटारीच्या खिडकीतील कॉफी : अमेरिकेच्या वायव्य भागातील एक लोकव्यवहार आणि नवागतांचे कोडे

प्रस्तावना

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन व ओरेगन या राज्यांत नव्याने राहावयास येणाऱ्या व्यक्तीस पहिल्या काही दिवसांतच एक दृश्य वारंवार दिसते. एखाद्या मोठ्या दुकानापुढील विस्तीर्ण वाहनतळाच्या कोपऱ्यात पानपट्टीच्या ठेल्याहून थोडीशीच मोठी अशी एक खोली उभी असते. तिला दोन्ही बाजूंनी खिडक्या असतात आणि दोन्ही बाजूंनी मोटारींची रांग लागलेली असते. खिडकीतून कॉफीचा पेला बाहेर येतो, दोन-चार वाक्यांची देवघेव होते आणि मोटार पुढे सरकते. बसावयास बाक नाही, टेकावयास कट्टा नाही. तरीही स्थानिक रहिवासी या खोलीविषयी ज्या आपुलकीने बोलतात, ती आपल्याकडे जुन्या इराणी हॉटेलांच्या किंवा पुण्यातील अमृततुल्यांच्या वाट्याला येते. स्वतःची ठरलेली खिडकी, तेथील ठरलेली मुलगी वा मुलगा, ठरलेले पेय, हे सारे ते अभिमानाने सांगतात.

नवागतास हे उमगत नाही. तो न्यूयॉर्कहून आलेला असो वा नाशिकहून, कॉफी किंवा चहा म्हणजे थांबणे, असे त्याचे गृहीतक असते. आल्फ्रेड शुट्झ हा समाजशास्त्रज्ञ मूळचा व्हिएन्नाचा. १९३९ साली तो अमेरिकेत आला आणि १९४४ साली त्याने परक्या माणसाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. समूहातील माणसे ज्या व्यवहाराला ‘नेहमीचेच’ म्हणून प्रश्नाबाहेर ठेवतात, तोच व्यवहार परक्याला प्रश्न म्हणून भेडसावतो, हे त्या निबंधाचे सार होय. प्रस्तुत लेखात या ‘नेहमीच्या’ व्यवहारामागील कारणे उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

खिडकीची पूर्वपीठिका

मोटारीत बसून खाद्यपदार्थ घेण्याची पद्धत वायव्येची नव्हे. १९४८ साली कॅलिफोर्नियातील बाल्डविन पार्क येथे ‘इन-एन-आउट’ या दुकानाने ध्वनिक्षेपकाद्वारे मागणी नोंदवून घेण्याची सोय केली. मॅकडोनाल्ड्सची पहिली अशी खिडकी मात्र बरीच उशिरा, १९७५ साली, अ‍ॅरिझोनातील सिएरा व्हिस्टा येथे उघडली. तिचे कारण मोठे गमतीचे आहे. जवळच्या लष्करी तळावरील सैनिकांना कामाच्या गणवेशात तळाबाहेर मोटारीतून उतरण्यास मनाई होती. ग्राहक उतरू शकत नाही, तर भिंतीला भोक पाडा, असा हा सरळ हिशेब होता.

हॅम्बर्गर आणि एस्प्रेसो यांत मात्र मूलभूत फरक आहे. हॅम्बर्गर आधी तयार करून ठेवता येतो. एस्प्रेसो तसा ठेवता येत नाही. बारीक दळलेल्या पुडीतून सुमारे नऊ बार दाबाने गरम पाणी पंचवीस ते तीस सेकंद जाऊ द्यावे लागते, दूध वाफेने फेसाळावे लागते, आणि हे प्रत्येक पेल्यासाठी नव्याने करावे लागते. म्हणजे खिडकीपाशी एक-दोन मिनिटांचा अवकाश अटळपणे निर्माण होतो. या रिकाम्या मिनिटांत काय घडते, यावरच या व्यवहाराचे सामाजिक स्वरूप ठरले. त्याकडे पुढे वळू.

वायव्येतच का?

सिॲटल शहरात १९७१ साली स्टारबक्स सुरू झाले तेव्हा ते केवळ भाजलेल्या बिया विकणारे दुकान होते. तयार पेयांचा आग्रह हॉवर्ड शुल्ट्झ यांनी १९८३ मधील मिलानच्या प्रवासानंतर धरला व १९८७ साली त्यांनी ती कंपनीच विकत घेतली. परंतु शहराला एस्प्रेसोची गोडी लावण्याचे श्रेय एकट्या स्टारबक्सला देणे हा इतिहासाचा सोयीस्कर संक्षेप ठरेल. १९८० सालीच सिॲटलच्या मोनोरेलखाली एस्प्रेसोची हातगाडी उभी राहिली होती. पुढील दशकात अशा गाड्या नाक्यानाक्यावर दिसू लागल्या. पोर्टलंडमध्ये १९९० साली ‘कॉफी पीपल’ या संस्थेने ‘मोटर मोका’ हे मोटारस्वारांसाठीचे केंद्र काढले. या प्रकारच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. १९९२ साली दक्षिण ओरेगनमधील ग्रँट्स पास या छोट्या गावी डेन व ट्रॅव्हिस बोर्स्मा या भावांनी रेल्वेरुळांलगत हातगाडी लावली. त्यांचे घराणे दुग्धव्यवसायातील होते. ‘डच ब्रदर्स’ या आजच्या मोठ्या साखळीचा उगम तो.

हे गाव आणि हे वर्ष दोन्ही लक्षात घेण्याजोगी आहेत. ओरेगन व वॉशिंग्टनच्या ग्रामीण भागाची उपजीविका दीर्घकाळ लाकूडतोडीवर होती. १९८० च्या दशकात त्या धंद्याला उतरती कळा लागली आणि १९९० साली ठिपकेदार घुबडाच्या एका उपजातीला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर सरकारी जंगलांतील तोड आणखी घटली. अशा प्रदेशात थोड्या भांडवलावर उभा राहणारा धंदा हवा होता. एक यंत्र, एक दळणी, पाण्याची व विजेची सोय आणि भाड्याची चिमूटभर जागा एवढ्यावर कॉफीची खोली उभी राहते. म्हणूनच ही खोली महानगराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, हमरस्त्यावरच्या लहान गावांत रुजली. नवागत तिला शहरी चैनीचे लक्षण समजतो. तिच्या मुळाशी मात्र गावाची गरज आहे.

जागेचाही प्रश्न वाहनतळांमुळे आपोआप सुटला. अमेरिकन नगररचनेच्या नियमांनी प्रत्येक दुकानास किमान अमुक इतके वाहनतळ सक्तीचे केले, आणि या सक्तीमुळे गरजेहून कितीतरी मोठी डांबरी मैदाने निर्माण झाली, हे डोनाल्ड शूप यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात साधार दाखवले आहे. या मैदानांचे कोपरे वर्षभर रिकामे राहात. त्यांवर आधी ‘फोटोमॅट’ या कंपनीच्या छायाचित्रांच्या टपऱ्या आल्या. मोटारीतून फिल्म द्यायची आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्रे न्यायची. १९८० च्या सुमारास देशभर त्यांची संख्या चार हजारांच्या घरात होती. तासाभरात छायाचित्रे देणारी यंत्रे आली आणि त्या ओस पडल्या. त्यांपैकी काहींत पुढे कॉफीवाले शिरले. एका धंद्याचे कवच दुसऱ्याने वापरावे, हे शंखातील खेकड्यासारखेच झाले.

पाऊस, अंधार आणि मागच्या आसनावरील मूल

हवामानाचा दाखला स्थानिक लोक सर्वांत आधी देतात, आणि तो खोटा नाही. मात्र तो नीट समजून घ्यावा लागतो. सिॲटलचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे १००० मिलिमीटर आहे. मुंबईचे त्याच्या दुपटीहून अधिक. फरक वाटणीचा आहे. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तर सिॲटलचा वर्षातील सुमारे दीडशे दिवस बारीक भुरभुरत राहतो. त्यात अक्षांशाची भर. डिसेंबरमध्ये सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो. अंधारात घराबाहेर पडून अंधारातच परतणाऱ्या माणसाला वाटेवरची उजळलेली खिडकी काय वाटत असेल, हे फक्त पेयाच्या किमतीवरून कळणार नाही.

घरगुती कारण यापेक्षाही साधे आहे, आणि अभ्यासकांनी त्याकडे कमी लक्ष दिले आहे. लहान मुलाला मोटारीतील सुरक्षा-आसनाच्या पट्ट्यांत अडकवणे, पावसात सोडवणे व पुन्हा अडकवणे ही कसरत ज्यांनी केली आहे, त्यांना न उतरता मिळणाऱ्या कॉफीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. अपंग व वृद्ध ग्राहकांचेही तेच. नवागत तरुण, एकटा व धडधाकट असला, तर त्याला ही सोय आळस वाटते. पाळण्यातले मूल आले की त्याचे मत बदलते.

दीड मिनिटांचे संभाषण

आता त्या रिकाम्या मिनिटांकडे वळू. डेव्हिड मेइस्टर यांनी १९८५ साली रांगेच्या मानसशास्त्राविषयी लिहिताना दाखवले की, ज्या वेळात काही घडते तो वेळ रिकाम्या वेळेपेक्षा कमी भासतो. वायव्येतील कॉफीवाल्यांनी हे पुस्तकातून नव्हे, व्यवहारातून ओळखले. दूध तापत असताना बोलायचे. आज बेत काय, कुत्रा बरा आहे का, मुलाचा सामना कसा झाला? मोठ्या साखळ्यांनी पुढे या बोलण्याचे शिक्षण देऊन त्याला धंद्याचे अंग केले. शिकवलेली आपुलकी ही खरी आपुलकी नव्हे, हा नवागताचा नेहमीचा आक्षेप. तो निराधार नाही. परंतु रोज त्याच खिडकीवर, त्याच माणसाशी, वर्षानुवर्षे बोलले गेल्यावर शिकवलेले आणि आपसूक आलेले यांतील सीमा पुसट होते, हेही मान्य करावे लागते.

येथे त्या प्रदेशाच्या एका दुर्लौकिकाची नोंद आवश्यक आहे. स्थानिक लोक सौजन्याने वागतात, पण जवळ करीत नाहीत, ही बाहेरून आलेल्यांची जुनी तक्रार आहे. २००५ मधील ‘सिॲटल टाइम्स’च्या एका लेखानंतर तिला ‘सिॲटल फ्रीझ’ हे नाव सर्वतोमुखी झाले. ज्या समाजात अनोळखी माणसाशी बोलण्याला सबब लागते, तेथे कॉफीची खिडकी ही अशी हमखास सबब ठरते. संभाषणाला ठरलेला आरंभ आहे आणि मागची मोटार ताटकळत असल्याने ठरलेला शेवटही आहे. संकोची माणसास याहून सुरक्षित भेट कोणती? मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली ज्यांना ‘क्षीण बंध’ म्हटले आणि ज्यांचे सामर्थ्य दाखवून दिले, त्या जातीचा हा बंध आहे. स्थानिकांच्या उत्साहाचे मर्म पेयात कमी आणि या मोजक्या ओळखीत अधिक आहे.

तथापि, या खिडकीला रे ओल्डनबर्ग यांच्या संज्ञेप्रमाणे ‘तिसरी जागा’ म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १९८९ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी घर व कामाचे ठिकाण यांपलीकडील ज्या जागेची कल्पना मांडली, तिचा प्राण ग्राहकांच्या आपापसातील गप्पांत आहे. आपल्याकडील चहाच्या टपरीवर रिक्षाचालक, कारकून व विद्यार्थी एकाच कट्ट्याला टेकतात. चहावाला नुसता निमित्तमात्र असतो. मोटारींच्या रांगेत मात्र पुढचा माणूस म्हणजे दोन तांबडे दिवे. मागच्या मोटारीचे पैसे आपणच भरून जायचे, अशी एक पद्धत या रांगांत आढळते. २०१४ साली फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे अशा परतफेडीची साखळी तीनशेहून अधिक ग्राहकांपर्यंत चालल्याची बातमी गाजली. ही पद्धत म्हणजे तुटलेला आडवा संबंध सांधण्याची धडपडच म्हणावी लागेल. उपकारकर्त्याचा चेहरा मात्र तीतही दिसत नाही.

खिडकीआतील बाजू

या व्यवहाराची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न उत्साहाच्या भरात मागे पडतो. चालू इंजिनांचा धूर दिवसभर आत शिरतो. पहाटे अंधारात एकट्यादुकट्या कर्मचाऱ्याने रस्त्यालगतच्या खोलीत रोख पैशांसह उभे राहणे जोखमीचे असते. वॉशिंग्टन राज्यात बक्षिसी किमान वेतनात जमा धरता येत नाही. २०२५ साली ते वेतन ताशी १६.६६ डॉलर होते व बक्षिसी त्यावर वेगळी. ही तेथील कामगारांची जमेची बाजू. तरीही बक्षिसीवरील अवलंबन आपले परिणाम दाखवतेच. काही केंद्रांनी ग्राहक खेचण्यासाठी स्त्री-कर्मचाऱ्यांना तोकड्या पोहण्याच्या वस्त्रांत उभे केले. एव्हरेट नगरीने २०१७ साली अशा कर्मचाऱ्यांसाठी वस्त्रनियम केला. केंद्राच्या मालकिणीने व काही कर्मचाऱ्यांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. २०२२ साली संघीय न्यायालयाने हा नियम समान संरक्षणाच्या तत्त्वाशी विसंगत ठरवला आणि २०२३ साली नगरीने पाच लाख डॉलर देऊन तडजोड केली. शोषण कोणते आणि स्वातंत्र्य कोणते, याचे उत्तर खिडकीच्या आत आणि बाहेर एकच मिळत नाही, हे या खटल्याने दाखवले.

दरम्यान या खोलीचे रूप पालटले आहे. डच ब्रदर्सचे समभाग २०२१ साली न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदले गेले आणि २०२५ मध्ये तिच्या केंद्रांनी हजाराचा टप्पा ओलांडला. आज टेक्सास व फ्लोरिडातील रहिवाशांनाही हे कोडे पडू लागले आहे. उलट दिशेने, मिनियापोलिस शहराने २०१९ साली नव्या ड्राइव्ह-थ्रू खिडक्यांवर बंदी घातली. रांगा, धूर आणि पादचाऱ्यांची सुरक्षितता हे प्रश्न तेथे सोयीपेक्षा मोठे ठरले.

पादचाऱ्याचा मुद्दा मराठी वाचकाच्या परिचयाचा ठरावा. रेडमंड व बेल्व्ह्यू परिसरातील संगणक कंपन्यांत काम करणारी मराठी कुटुंबे बरीच आहेत. नोकरदार जोडीदाराच्या आधारावर, एच-४ प्रवेशपत्रावर आलेल्या व्यक्तीला, आणि ती बहुधा स्त्री असते, आरंभी नोकरीची मुभा नसते आणि पुष्कळदा वाहन परवानाही नसतो. शेजारच्या वाहनतळातील खोली घरापासून चालत पाच मिनिटांवर असते. पण अनेक केंद्रांत मोटारींच्या मार्गिकेत पायी उभे राहिलेल्या ग्राहकाला सुरक्षिततेच्या कारणास्तव कॉफी दिली जात नाही. काही ठिकाणी पायी येणाऱ्यांसाठी बाजूला वेगळी खिडकी असते, काही ठिकाणी नसते. ज्या व्यक्तीला दिवसभरात दोन वाक्ये बोलणाऱ्या अनोळखी माणसाची सर्वाधिक गरज आहे, तिला त्या दीड मिनिटासाठी आधी डाव्या आसनावर बसून मोटार चालवायला शिकावे लागते.