फलकावरचे नाव

आपले नाव सर्वतोमुखी व्हावे, असे कोणाला वाटत नाही? परंतु ते कशासाठी व्हावे, याचा विचार थोडेच लोक करतात. 'इट शुड हॅपन टू यू' या १९५४ सालच्या अमेरिकन बोलपटाने हाच प्रश्न हसत-हसवत विचारला आहे. गार्सन कॅनिन यांनी तो लिहिला आणि जॉर्ज क्यूकर यांनी दिग्दर्शित केला.

कथेची नायिका आहे ग्लॅडिस ग्लोव्हर. ज्युडी हॉलिडे या अभिनेत्रीने ही भूमिका केली आहे. नाव मिळवावे म्हणून न्यूयॉर्कला आलेल्या ग्लॅडिसची नोकरी सुटते. अशा वेळी कोलंबस सर्कल या चौकातील एक रिकामा जाहिरात-फलक तिच्या दृष्टीस पडतो. साठवलेले पैसे खर्चून ती तो भाड्याने घेते आणि त्यावर भल्यामोठ्या अक्षरांत रंगवून घेते केवळ स्वतःचे नाव!

खरी गंमत पुढेच आहे. एका साबणाच्या कंपनीला तोच फलक हवा असतो. त्याच्या मोबदल्यात कंपनी ग्लॅडिसला शहरातील दुसरे सहा फलक देऊ करते. मग जिकडे पाहावे तिकडे तिचेच नाव! दुकानात लोक तिच्या स्वाक्षरीसाठी गर्दी करतात. दूरचित्रवाणीवर तिला बोलावणे येते. साबणाच्या जाहिरातींतही तिचे चित्र झळकते.

मुलांनो, हे कसे घडले? फलकावर एक अक्षरही खोटे नव्हते. पण एखादे नाव वारंवार डोळ्यांपुढे आले, की ते ओळखीचे वाटू लागते; आणि जे ओळखीचे, ते थोरच असणार, अशी मनाची फसगत होते. जाहिरातीचे बरेचसे बळ या फसगतीतच असते.

पीट नावाचा तिचा मित्र मात्र फसत नाही. ही जॅक लेमन यांची चित्रपटातील पहिली महत्त्वाची भूमिका. नुसते नाव होऊन काय उपयोग, त्या नावामागे काहीतरी असावयास हवे, असे पीटचे म्हणणे. तो दुरावतो, तेव्हा ग्लॅडिसला त्याचे बोलणे पटते.

तरीही अखेरच्या प्रसंगी, पीटबरोबर मोटारीतून जाताना, एका रिकाम्या फलकावर तिची दृष्टी क्षणभर खिळतेच! प्रेक्षक हसतात, कारण हा मोह किती चिवट असतो, हे त्यांनाही ठाऊक असते. प्रसिद्धी भाड्याने मिळते. कीर्ती मात्र कर्तृत्वानेच मिळवावी लागते.