उडी मोजली, शक्ती मोजली का?

फुटबॉलच्या निवडीत मुलांना उड्या मारायला लावतात. कुठे जागेवरून लांब उडी, कुठे भिंतीजवळ उभं राहून वर उडी. दोन्हींना नाव एकच, 'स्फोटक शक्तीची चाचणी'. आम्ही तत्त्वज्ञानवाले, आम्ही एवढंच विचारतो: नाव एक आहे, पण मोजलेली गोष्ट एक आहे का?

वर उडी मारण्याची चाचणी अमेरिकेतल्या डडली सार्जंट यांनी १९२१ साली मांडली. हात उंचावून एक खूण, उडी मारून दुसरी. मधलं अंतर मोजायचं. खडू आणि टेप पुरतो.

आता शक्ती म्हणजे काय? कार्य भागिले वेळ. समजा, एक मुलगा ५० किलोचा, दुसरा ७० किलोचा, आणि दोघंही ५० सेंटीमीटर उडाले. खडूच्या लेखी दोघं सारखे. पण तेवढं वजन तेवढं वर न्यायला पहिल्याचं कार्य सुमारे २४५ ज्यूल, दुसऱ्याचं ३४३. आणि जमिनीला रेटा किती वेळ दिला, हे तर खडू सांगतच नाही. म्हणजे शक्ती आपल्याला प्रत्यक्ष दिसत नाही. धुरावरून अग्नी ओळखावा, तसं हे अनुमान आहे.

लांब उडीत हात झोकण्याची आणि पाय पुढे टाकून उतरण्याची लकबही मोजली जाते. वरच्या उडीचा संबंध हेडिंगशी जास्त. चेंडूमागे झेपावणं पाहायचं, तर १० मीटरची धाव जवळची. म्हणून एकाची लांब उडी नि दुसऱ्याची उंच उडी शेजारी ठेवून निकाल देता येत नाही.

यात मुलांचं नुकसान होऊ शकतं. तेरा-चौदाव्या वर्षी एकाला मिसरूड फुटलेलं असतं, दुसरा अजून पोरच असतो. पहिला जास्त उडतो. त्यात ताकद किती नि लवकर आलेलं वय किती? कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. गावाकडच्या मुलांना तो दरवाजा आहे. एका उडीने तो बंद होऊ नये.

आपल्या विंचूरच्या बाजारात काटा कांद्याचं वजन सांगतो, चाळीत किती टिकेल ते नाही. म्हणून काटा कुणी फेकत नाही. कांदा हातात घेऊनही पाहतात. तसंच करावं. चाचणी एकच ठेवा, तीन उड्या द्या, काही महिन्यांनी पुन्हा घ्या, आणि मुलाची तुलना आधी त्याच्याच जुन्या आकड्याशी करा. मग त्याला मैदानावर खेळताना बघा.