घरची तेलुगू आणि पोटाचा व्यवसाय

सोलापूरच्या पूर्व भागांत मागांच्या आवाजाबरोबर तेलुगू बोलणें कानांवर पडतें. विणकामासाठीं तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनीं ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या घरांत जपली आहे. मात्र मराठी शाळेंत शिकलेल्या त्यांच्या अनेक मुलांना ती बोलतां येते, वाचतां येत नाहीं. उपजीविकेच्या दृष्टीनें या मुलांनीं तेलुगू रीतसर शिकावी काय, हा आजचा प्रश्न आहे.

जी भाषा येतेच ती पुन्हां शिकावयाची कशाला, असें कोणी विचारील. परंतु घरची भाषा स्वयंपाक, नातीं आणि माग यांच्यापुरती असते. कचेरीची भाषा निराळी. तेलुगूंत ‘उद्योगम्’ म्हणजे नोकरी व ‘अवकाशम्’ म्हणजे संधी. ‘उद्योग अवकाशालु’, म्हणजे नोकरीच्या संधी, हा मथळा केवळ मराठीच्या आधारानें समजूं गेल्यास कारखानदारांच्या फुरसतीची वार्ता वाटावी!

व्यवहारांतहि हें अंतर नडतें. भारतीय स्टेट बँकेच्या लिपिकवर्गीय भरतींत, ज्या राज्यांत जागा हवी तेथील भाषा बोलतां व समजतां येऊन भागत नाहीं, वाचतां व लिहितांहि यावी लागते. दहावी-बारावीस ती विषय म्हणून घेतलेली नसेल, तर तिची चाचणी द्यावी लागते. हैदराबादेंत जागा इच्छिणाऱ्या सोलापूरच्या तरुणास बोलण्यापुरती तेलुगू येथें अर्ध्या वाटेवर सोडते. २०१४ सालीं तेलंगण वेगळें झाल्यापासून तेलुगू दोन राज्यांची राजभाषा आहे, हेंहि ध्यानांत घ्यावें.

पुढची अर्धी वाट मात्र फार कठीण नाहीं. तेलुगू अक्षरांचें वळण निराळें असलें, तरी वर्णमालेचा क्रम देवनागरीसारखाच आहे. ऱ्हस्व ‘ए’ व ऱ्हस्व ‘ओ’ यांना तेथें स्वतंत्र अक्षरें आहेत. पण ते उच्चार या मुलांच्या कानांस लहानपणापासून परिचित असतात.

तथापि केवळ भाषेवर पोट भरेल, अशी आशा धरूं नये. याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. चिनी भाषा त्यांच्या घरची नव्हती. ती त्यांनीं तेथें शिकून घेतली व १९४२ सालीं निधन होईपर्यंत तेथेंच रुग्णसेवा केली. भाषेनें त्यांना डॉक्टर केलें नाहीं. त्यांच्या वैद्यकाला परक्या देशांत वाट करून दिली.

म्हणून ज्याच्या घरीं सायंकाळचा एक तासहि मोलाचा आहे, त्यानें आधीं हिशेब, कापडाचा व्यापार, परिचर्या, असें एखादें कौशल्य हातीं घ्यावें आणि त्याच्या जोडीस तेलुगू लिपि व लेखन शिकावें. ज्याला पुण्या-मुंबईंतच राहावयाचें आहे, त्याला नोकरीसाठीं या श्रमाची गरज नाहीं. आजीचें जुनें पत्र स्वतः वाचावें असें त्याला वाटलें, तर तें कारण अगदीं वेगळें; त्याचा हिशेब पगारांत करूं नये.